पितळेचा राप : घासावा की राखावा?

सण जवळ आला, मग तो दिवाळीचा असो वा ईदचा, की आपल्या घरांतून एक आवाज हमखास ऐकू येतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी मोरीत उतरतात, चिंचेचा कोळ आणि रांगोळी पुढे येते, आणि घासण्याची खरखर सुरू होते. आता पुष्कळ घरी चिंचेची जागा डब्यातील तयार भुकटीने घेतली आहे, एवढाच काय तो फरक. घासून लखलखीत केलेले भांडे ही गृहिणीच्या टापटिपीची खूण, असे आपण लहानपणापासून मानीत आलो. माझ्या अम्मीचा पितळी बधना आणि पानदान यांची चकाकी आमच्या मोहल्ल्यात नावाजलेली होती.

हे सर्व ठीकच आहे. परंतु आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घरोघरच्या जुन्या वस्तू एकत्र मांडण्याचा विचार चालू आहे, असे समजले, आणि मनात एक भीती उभी राहिली. त्या वस्तू आणण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येक जण त्या चांगल्या घासूनपुसून आणील! ही भीती मला का वाटावी, ते आधी सांगते. कारण ती पुस्तकातून आलेली नाही.

एका झारीची गोष्ट

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सातवीला विज्ञान शिकवीत होते. वर्गातील एक मुलगा दप्तरातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला. गावाकडे त्यांच्या घराचा पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर ती सापडली होती. वीतभर उंचीची, बारीक तोटीची एक झारी. मातीने लडबडलेली, वरून गर्द हिरवी. खांद्याच्या भागावर मातीआडून काही रेघा दिसत होत्या. "बाई, ही अक्षरं आहेत. आजोबा म्हणतात, नाव असणार कुणाचं तरी. तुम्ही वाचून सांगा," असे तो म्हणाला.

पुढल्या आठवड्यात शाळेचे विज्ञान-प्रदर्शन होते. मला वाटले, आम्लाची धातूच्या ऑक्साइडवर होणारी क्रिया दाखविण्यास याहून चांगले साधन कोणते मिळणार? मुलांना भोवती बसविले, चिंच व मीठ एकत्र कालवून झारीला थापले आणि अर्ध्या तासाने विटेच्या भुकटीने ती खसखसून घासविली. हिरवे पाणी वाहून गेले. आतून तांबूस-पिवळा धातू निघाला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मीही मनातून खूष झाले.

टाळ्या थांबल्यावर तो मुलगा झारी उजेडात फिरवून फिरवून पाहू लागला. "बाई, अक्षरं कुठं गेली?"

मी भिंग घेऊन पाहिले. खांद्यावर खळगे होते, ओरखडे होते. अक्षर एकही नव्हते. पुढे पावसाळा आला आणि झारीच्या गळ्याशी फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटले. पुसले की पुन्हा येत. दुसऱ्या वर्षी तेथे आरपार छिद्र पडले. त्या आजोबांना झारीवरील नाव वाचावयाचे होते. ते नाव मी स्वतःच्या हातांनी गटारात वाहू दिले. पदवी आणि अध्यापनाचे प्रशिक्षण दोन्ही असूनही ही चूक झाली, म्हणून त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला तो येथे थोडक्यात मांडीत आहे.

हिरवा थर म्हणजे काय?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. साधारण दोन भाग तांबे व एक भाग जस्त, असे स्थूलमानाने धरावे. काशात जस्ताऐवजी कथील असते. दोहोंतही मुख्य धातू तांबेच, आणि हवापाण्याशी व्यवहार होतो तो प्रामुख्याने तांब्याचा.

हवा लागली की प्रथम तांब्याचे तांबूस-तपकिरी ऑक्साइड बनते. पुढे ओलावा आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्या संगतीने हिरवे कार्बोनेट तयार होते. खनिजशास्त्रात पहिल्यास क्यूप्राइट व दुसऱ्यास मॅलाकाइट म्हणतात. दोन्ही खनिजे निसर्गात तांब्याच्या खाणींतूनही सापडतात. म्हणजे माणसाने खनिजातून काढलेला धातू काळाच्या ओघात पुन्हा खनिजाकडे परत जात असतो. या थरास इंग्रजीत पॅटिना म्हणतात. आपण त्यास 'राप' म्हणू. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीवर जसा राप चढतो, तसाच हा.

आपल्या भाषेत या हिरव्या थराला जुना शब्द आहे 'कळंक'. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते 'कळकते', म्हणून आपण भांड्यांना कल्हई लावून घेतो. कळंक पोटात जाणे वाईट, हे अनुभवाचे ज्ञान होय. परंतु कळंक म्हणजे डाग, म्हणजे काढून टाकण्याचीच वस्तू, हा संस्कार त्या शब्दाबरोबर मनात इतका रुजला की स्वयंपाकघराचा नियम आपण जमिनीतून निघालेल्या वस्तूसही लावू लागलो. माझी चूक नेमकी हीच होती.

जमिनीत शतकानुशतके पडलेल्या वस्तूच्या बाबतीत काय घडते, ते नीट समजून घेतले पाहिजे. तेथे थर केवळ वरून चढत नाही. पृष्ठभागाचा धातू स्वतःच बदलून खनिज होतो. काही खनिज बाहेरच्या मातीत पसरते, काही आतल्या बाजूस धातू खात जाते. मूळ वस्तूचा जो पृष्ठभाग, ज्यावर कारागिराने टाकीने अक्षरे कोरली, तो आता या थराच्या पोटात असतो. खाली उरलेला धातू हा मूळ पृष्ठभाग नव्हेच. तो खडबडीत, खळगे पडलेला गाभा होय. लाकूड कुजून गेले तरी त्याच्या आकाराचा दगड मागे राहतो व त्यास आपण जीवाश्म म्हणतो. त्याचप्रमाणे येथे अक्षर हिरव्या-तांबड्या खनिजात जिवंत असते. चिंच ते खनिज विरघळविते. म्हणून झारी चकाकली आणि नाव गेले.

आकोट्याचा धडा

हे महत्त्व केवढे असू शकते, याचे उदाहरण आपल्या बडोद्याच्या वेशीवरच आहे. विश्वामित्रीच्या काठचे आकोटे आज शहराचाच भाग झाले आहे. 1951 साली तेथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा उजेडात आला. एकूण 68 वस्तू. त्यांचा अभ्यास येथील प्राच्यविद्येचे पंडित डॉ. उमाकांत शहा यांनी केला आणि 1959 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध झाला. सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या येथील संग्रहालयात या मूर्ती पाहावयास मिळतात.

या मूर्ती सुंदर आहेत, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल वाढले ते त्यांच्यावरील बारीक लेखांमुळे. दोन मूर्तींवर जिनभद्र वाचनाचार्य असे नाव मिळाले. जैन परंपरेत विख्यात असलेले ग्रंथकार जिनभद्र ते हेच, असे डॉ. शहा यांनी अक्षरांच्या वळणावरून व इतर पुराव्यांवरून दाखविले. त्यामुळे त्या मूर्ती इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ठरल्या आणि पश्चिम भारताच्या मूर्तिकलेचा काल मोजण्यास एक पक्की खूण मिळाली. हे सर्व उभे राहिले ते धातूत जेमतेम ओरखड्याएवढ्या खोल असलेल्या काही अक्षरांवर. कोणी उत्साही माणसाने त्या मूर्ती विटेच्या भुकटीने घासल्या असत्या तर काय उरले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

तर मग देव्हाऱ्यातील मूर्तींचे काय, असे कोणी विचारील. हिंदू व जैन बांधवांच्या घरी पूजेतील मूर्ती रोज स्नान घालून पुसल्या जातात, उजळल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्यांचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले असतात. ती झीज हाही इतिहासच आहे, भक्तीचा. पूजेतील वस्तू ही जिवंत वस्तू. तिचे नियम तिच्या घराने ठरवावयाचे. तीच गोष्ट मशिदीतील वुजूच्या बधन्याची आणि घरातील घागरीची. नित्य वापरातील वस्तू घासावी. मी म्हणते ते एवढेच की, जी वस्तू मातीतून आली, किंवा जी वापरातून कायमची निवृत्त होऊन स्मृती म्हणून उरली, तिला वापरातील वस्तूचा न्याय लावू नये.

सर्वच हिरवे चांगले नव्हे

येथे दुसऱ्या टोकाचीही चूक होऊ शकते. राप राखावा, असे ऐकून कोणी प्रत्येक हिरवा डाग जपू लागेल, तर तेही घातक. हिरव्यात दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार कठीण, गर्द, धातूस घट्ट धरून बसलेला. लाकडी काडीने हळूच टोकरले तरी तो निघत नाही. हा निरुपद्रवी, उलट तो आतील धातूचे काही अंशी रक्षण करतो.

दुसरा प्रकार फिकट, पोपटी, भुकटीसारखा. तो ठिपक्यांनी येतो आणि पुसला तरी परत उमटतो. हा मात्र रोग होय. मिठातील क्लोराइड धातूत शिरलेले असते. त्यापासून तांब्याचे क्लोराइड बनते. दमट हवा लागताच त्याची फिकट हिरवी भुकटी होते आणि त्याच क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल शेजारचा ताजा धातू खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होते, आणि असे हे चक्र चालू राहते. खारट जमिनीतून निघालेल्या वस्तूंत हे बीज बहुधा असतेच. माझ्या झारीत थोडे होते की नाही ते ईश्वर जाणे, पण मी चिंचेबरोबर मीठ थापून ते भरपूर पेरले, एवढे निश्चित. पावसाळ्यात उमटलेले ते ठिपके म्हणजे माझ्याच मिठाचे पीक होते.

हा रोग घरी बरा होत नाही. घरी फक्त त्याची वाढ रोखता येते, ती कोरडेपणाने. हवाबंद डब्यात सिलिका जेलचे दाणे घालून वस्तू ठेवावी आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरावे. पुढचे काम जाणकारांचे. ते भिंगाखाली, बारीक पात्याने, कणाकणाने वरची माती व नको तो थर काढतात आणि मूळ पृष्ठभागाशी थांबतात. क्लोराइडला आवर घालणारी रसायनेही त्यांच्यापाशी असतात. म्हणजे 'साफ करू नये' हा नियम नसून 'कोठे थांबावे हे ज्यास कळते त्याने साफ करावे' हा नियम होय. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे. आपल्या गावात विचारण्यास जागा नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

चकाकीची किंमत

वापरातील पितळ घासतानाही थोडा विचार करावा. चिंचेतील टार्टरिक व लिंबातील सायट्रिक आम्ल ऑक्साइड विरघळविते, म्हणून भांडे उजळते. परंतु चिंच लावून भांडे विसरले की ते पिवळे न राहता लालसर दिसू लागते, हे सर्वांनी पाहिले असेल. तो उजाळा नव्हे. पितळेतील जस्त आम्लात निघून जाऊन मागे सच्छिद्र तांबे राहिल्याचे ते लक्षण होय. म्हणून चिंच लावावी, लगेच चोळावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि भांडे कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. मिठाचा मोह टाळावा.

अमोनिया असलेल्या पॉलिशपासूनही सावध असावे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. पुढे कारण उमगले : काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ साठविली जात, घोड्यांच्या मलमूत्रातून अमोनिया निघे, आणि थंड अवस्थेत दाबून घडविलेल्या पितळेत जो ताण शिल्लक असतो तो त्या अमोनियामुळे तडे होऊन बाहेर पडे. ठोके मारून घडविलेल्या आपल्या जुन्या हंड्या-घागरींतही तसा ताण राहिलेला असू शकतो.

आणखी एक इशारा हैदराबादकडील कुटुंबांसाठी. पुष्कळ घरी बिदरी कामाचे पानदान किंवा हुक्क्याचे बूड असते. ते पितळ नव्हे. जस्तात थोडे तांबे घालून केलेला तो ओतीव धातू असतो व त्यावर चांदीची नक्षी जडविलेली असते. त्याचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देऊन कारागीर तो मुद्दाम चढवितो. चांदीवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून काळ्यावर पांढरी नक्षी खुलते. असे पानदान धातूच्या पॉलिशने घासणे म्हणजे कारागिराचे अर्धे काम पुसून टाकणे होय. मऊ कोरडे फडके एवढेच त्याला पुरे.

सापडले तर काय करावे?

घर बांधताना, विहीर उपसताना वा शेत नांगरताना एखादी जुनी वस्तू हाती लागली, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

एक, वस्तू उचलण्यापूर्वी ती जेथे जशी आहे तिचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी, सोबत खापर, कोळसा, मणी काय आहे ते टिपून ठेवावे. भोवतालची माती हीही पुरावाच असते.

दोन, नळाखाली धुऊ नये. चिंच, लिंबू, राख, तेल, रॉकेल, लाख, काहीही लावू नये. सुटी माती आपोआप पडेल तेवढी पडू द्यावी.

तीन, उघड्या हाताने वारंवार हाताळू नये. घामात मीठ असते. मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. रबरी पट्टा बांधू नये. त्यातील गंधकाने धातू काळा पडतो.

चार, अक्षरे दिसली तर ती सुईने कोरून स्पष्ट करू नयेत. तिरप्या उजेडात छायाचित्र घेतले म्हणजे पुष्कळ वाचता येते.

पाच, कायदा पाळावा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे, असे 1878 चा निखात निधी अधिनियम सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंसाठी 1972 चा पुरावस्तू कायदा वेगळा आहे. हे मला त्या वेळी माहीत नव्हते. पण माहीत नसणे ही सबब शिक्षकाला शोभत नाही.

घरातील जुन्या, परंतु मातीत न पुरलेल्या वस्तूंसाठी नियम याहून सोपा. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, कोरड्या सुती फडक्याने पुसावे आणि तेथेच थांबावे. भांड्यावर ठोक्यांनी घातलेले आजीचे नाव, लग्नाचे साल, गावाचे नाव प्रत्येक घासणीत थोडे थोडे जात असते. शिवराईसारखे तांब्याचे नाणे असेल तर तेही घासू नये. झिजलेल्या नाण्यावरील छत्रपतींचे नाव चिंचेने उजळत नाही, पुसले जाते.

शेवटी एक विनंती

महोत्सवात मांडण्यासाठी आपण ज्या वस्तू आणाल, त्या जशा आहेत तशाच आणाव्या. टेबलावर त्या इतरांपेक्षा काळवंडलेल्या दिसतील, क्वचित हिरव्याही दिसतील. त्याची लाज वाटू देऊ नये. वस्तूबरोबर एक चिठ्ठी मात्र अवश्य असावी : ही कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, कोठे सापडली. चकाकी केव्हाही आणता येते. अर्ध्या तासाचे ते काम आहे. गेलेले अक्षर परत आणण्याची विद्या मात्र अजून कोणास साधलेली नाही.

ती झारी मी त्या मुलाच्या घरी परत नेऊन दिली. आजोबांनी ती हातात घेऊन खांद्यावरून अंगठा फिरविला. रागावले नाहीत. "असू दे बाई, तुम्ही काही मुद्दाम केलं नाही," एवढेच म्हणाले. मुद्दाम केले नाही, हे खरे. पण न विचारता केले. तेवढे आपल्या हातून होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.